पुलियाची बातमी

२० ऑगस्ट, बुधवार

गणपतीच्या मांडवाचे पाइप येऊन पडले. बांधणारे आले नाहीत. पाऊस उघडला की येऊ म्हणाले. आमचे प्रभाकर छत्री घेऊन गेले आणि पाइपांवर प्लास्टिक टाकून आले. फॅक्टरीतून रिटायर होऊन एवढी वर्षं झाली, अजून लोखंड भिजताना पाहवत नाही त्यांना.

समितीच्या ग्रुपवर दिवसभर मोदकांचा वाद. उकडीचे की तळणीचे. दुबेजींचा तोडगा: "दोनों रखो, बप्पा को चॉइस दो."

संध्याकाळी टेंभेकरांकडे डोकावले. नाल्याकडचं शेवटचं घर. उद्या गुरुवार, म्हणजे भाऊंचं डायलिसिस. सोम आणि गुरु, ठरलेलं. पाय सुजले होते. कसं काय म्हटलं तर म्हणाले, "बाहेर एवढं पाणी पडून राहिलं अन् मला ही वहिनी तुझी घोट मोजून देते. काहून असं, सांग बरं तू पेपरवाली?"

सुधावहिनींनी त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

भाऊंचं झालं नीट. रज्जू भैयाची व्हॅन नेहमीसारखी. परत येताना नाल्याचं पाणी आमच्या छोट्या पुलाच्या, म्हणजे पुलियाच्या, खाली हात लागेल इतकं वर आलेलं, असं रज्जू सांगत होता.

भाऊ म्हणाले, "आपली कॉलनी म्हणजे सिंगल लाइन. पुढे पुलिया, मागे भिंत. मी सगळी नोकरी गार्डाच्या डब्यात काढली अन् घर घेतलं ते डेड एंडला."

मागची भिंत पूर्वी नव्हती. मागच्या कॉलनीतून सरळ मदन महल स्टेशनला जायचो आम्ही. आमच्या मोटरसायकली त्यांच्या अंगणांतून जातात म्हणून त्यांनी भिंत घातली. तेव्हा बरीच पत्रकबाजी झाली. त्यांचे अध्यक्ष चौकसेजी निवेदन घेऊन आमच्या ऑफिसात आले होते, मी तेव्हा सिटी डेस्कला. बातमी मीच केली, दोन्ही बाजू घेऊन. दोन्ही बाजू नाराज. म्हणजे बातमी बरोबर होती.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पाऊस. दिवसभर. भाजीवाला नाही, पेपर नाही. पेपर नसला की अजून चुकल्यासारखं होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

दुपारी लाइट गेली. ग्रुपवर कहर. धरणाचे गेट उघडले, उघडले नाहीत, सगळे उघडले. नर्मदेवरच्या ग्वारीघाटाचा एक फोटो तीन जणांनी टाकला. फोटोतल्या लोकांच्या अंगात स्वेटर आहेत. कोणीतरी मगरीचा व्हिडिओ टाकला. मागे नारळाची झाडं.

नर्मदा तिकडे. आम्हाला बुडवेल तर हा कॉलनीला लागून असलेला नाला बुडवेल. पण नाल्याचा व्हिडिओ कोण काढतो?

वरची ऋचा खाली आली. बँकेत आहे, नाशिकची, आमच्याकडे भाड्यानं राहायला येऊन वर्ष होईल. "काकू, तुम्ही पेपरात होतात ना? मग एक नीट मेसेज लिहा ना. मला यातलं काय खरं तेच कळत नाहीये."

मी म्हटलं, मला तरी कुठं कळतंय. पण जुनी खाज. ग्रुपवर लिहिलं: जो अपनी खिड़की से दिखे, वही बताइए. सुना हुआ नहीं.

आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं. दुबेजींचं घर पुलियाला लागून, वरच्या मजल्याची खिडकी थेट पुलियावर. त्यांनी पुलियाचं सांगितलं. सुधावहिनींनी नाल्याचं. कोपऱ्यावरच्या शिक्षकबाईंनी ट्रान्सफॉर्मरचं. मी चार ओळींत बांधून पाठवलं, हिंदीत, कारण ग्रुप बहुतेक हिंदीवाल्यांचाच. "आज शाम की स्थिति" असा मथळा. दुबेजींनी हात जोडलेले पाठवले: "दीदी, मन शांत हो गया."

माझंही. बातमीची कॉपी छापायला सोडली की जसं होतं तसं.

२४ ऑगस्ट, रविवार

(फोन प्रभाकरांच्या स्कूटरला लावून चार्ज करत लिहिते आहे. तुटक होईल.)

सकाळी चहाबरोबरच बुलेटिन टाकलं. खिडक्यांचे रिपोर्ट आधीच आले होते:

"आज सुबह की स्थिति. नाला किनारे के भीतर. पुलिया से वाहन फ़िलहाल निकल रहे हैं. बिजली बंद है. बाक़ी सब कुशल."

वर कॉलनीचं नाव. झालं. दुबेजींनी त्यांच्या मेहुण्याला पाठवलं, ऋचानं ऑफिसात. सगळ्यांच्या घरचे काळजीत, म्हणून लोकांनी भराभर पुढे पाठवलं.

दुपारी सगळं उलटलं. दुबेजी: "दीदी, पानी पुलिया के बराबर." थोड्या वेळानं: "ऊपर से जा रहा है."

टेंभेकरांकडे पाणी दारातून आलं नाही. आधी मोरीतून आलं, मग संडासातून, मग स्वयंपाकघराच्या जाळीतून. वहिनी सांगतात, घर आतूनच बुडायला लागलं. प्रभाकर आणि दुबेजींनी भाऊंना धरून आणलं. आमचा चौथरा उंच, आमच्याकडे गल्लीत गुडघ्याएवढंच. वहिनी मागून पाण्यातून येत होत्या, डोक्यावर प्रेशर कुकर.

म्हटलं, हे काय?

"यांची फाइल अन् गोळ्या."

"डबा नव्हता का काही?"

"कुकरची रिंग नवी आहे," वहिनी म्हणाल्या. "मी पडले असते तरी हा तरंगला असता."

भाऊ दिवाणावर बसले आणि पहिलं वाक्य: "घरात कमरेएवढं पाणी, अन् मला प्यायला अर्धा ग्लास." सगळे हसलो. वहिनी नाही हसल्या. स्वयंपाकघरात येऊन हळू बोलल्या. गेल्या वर्षी डायलिसिसची एक वारी चुकली होती तेव्हा छातीत पाणी भरलं, चार माणसांनी उचलून आयसीयूत न्यावं लागलं. उद्या सोमवार आहे.

संध्याकाळचं बुलेटिन: पुलिया बंद. कोई वाहन न लाए. हे कोणी पुढे पाठवलं नाही. वाईट बातमी घरच्यांना कशाला.

२५ ऑगस्ट, सोमवार

आता संध्याकाळ आहे. हात थांबले तेव्हा लिहायला बसले. सगळं ठीक आहे, हे आधी लिहून ठेवते.

सकाळी भाऊ बसूनच होते. आडवं झालं की दम लागतो. बोलणं कमी झालं होतं, आणि भाऊ बोलत नाहीत म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळत होतं. हॉस्पिटलला फोन केला. मशीन ठेवतो म्हणाले, पण आजच आणा, उद्यावर टाकू नका. बोटीसाठी फोन केला. नाव लिहून घेतलं. बोटी खालच्या वस्त्यांत गेलेल्या, ते बरोबरच होतं.

इतक्यात ऋचा जिन्यावरून ओरडत आली. "काकू! पुलिया सुरू झाली! ऑफिसच्या ग्रुपवर आलंय. प्रशासनाची सूचना!"

फोन पुढे केला. वर ठळक अक्षरांत "प्रशासन की ओर से आवश्यक सूचना". खाली आमच्या कॉलनीचं नाव. आणि तेवढीच ओळ वाचली: पुलिया से वाहन निकल रहे हैं.

काय सांगू. वहिनींनी डोळे मिटून हात जोडले. प्रभाकरांनी भाऊंचे बूट आणले. मीसुद्धा, मी, जिनं शनिवारी सगळ्यांना खिडकीचा नियम शिकवला, मी सरळ रज्जूला फोन लावला.

"हाँ दीदी, हमारे पास भी आ गई सूचना. निकल चुके हैं. दस मिनट."

फोन ठेवला आणि सवयीनं ती सूचना परत वाचली. प्रुफ वाचतात तशी, अक्षरावर बोट ठेवून. "फ़िलहाल"वर बोट थांबलं. हा शब्द सरकारी सूचनेत येत नाही. हा माझा शब्द आहे. डेस्कवर सगळे चिडवायचे मला त्यावरून. पुढे वाचलं. आधी नाला, मग पुलिया, मग बिजली. बाक़ी सब कुशल.

कालची सकाळ होती ती. मी लिहिलेली.

रज्जूला लावला. वाजतोय, उचलत नाही. गाडी चालवताना उचलत नाही तो, चांगला ड्रायव्हर आहे. पुन्हा लावला. नाही. मग दुबेजींना.

"दुबेजी, खिड़की पर जाइए. पुलिया कैसी है?"

"दीदी, पुलिया तो दिख ही नहीं रही. रेलिंग का सिरा भर दिख रहा है. क्यों?"

"उस तरफ़ से रज्जू की वैन आ रही है. रोकिए उसको."

फोन चालूच राहिला, म्हणून सगळं ऐकू आलं. दुबेजी ओरडले. मग दुबेभाभी ओरडल्या. मग काहीतरी पडल्याचा आवाज, आणि मग थाळी. स्टीलच्या थाळीवर पळी, घणाघण, थांबेचना. इकडे वहिनींचा हात भाऊंच्या खांद्यावर. भाऊ खाली बघत होते, बुटांकडे. एक लेस बांधलेली, एक सुटी.

मग दुबेजींचा आवाज: "रुक गया! दीदी, रुक गया! उतर के गाली दे रहा है, मगर रुक गया!"

रज्जूचा फोन आला. रागात होता. "दीदी, ये दुबेजी पगला गए हैं क्या? ऊपर से सूचना है कि पुलिया चालू है."

"रज्जू, वो सूचना मैंने लिखी है."

"आपने लिखी है? तब तो सही ही होगी न!"

"कल की है, भैया. कल सुबह की."

मागे नाल्याचा आवाज येत होता. "अच्छा," म्हणाला. "मैं पहला गियर डाल चुका था."

मी फोन ठेवला. प्रभाकरांनी पाणी आणून दिलं. भाऊंनी ग्लासाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे वा. लोकांना पूर्ण ग्लास मिळून राहिला." सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य. त्यानंतर धाप लागली, पण म्हणाले तेच: "पुढची लाइन बंद असली तं गाडी थांबवत नाहीत, ताई. वळवतात. मागून काढा मला."

मागून म्हणजे भिंत.

माझ्या फोनमध्ये नंबर होता. "चौकसे भिंत" या नावानं. इतकी वर्षं झाली, एकदाही लावला नव्हता. त्यांनी लगेच उचलला. मी नाव सांगितलं, म्हटलं, आप पहचानेंगे नहीं शायद.

"पहचानेंगे क्यों नहीं. आपने हमको चौथे पेज पर छापा था."

मी सांगितलं काय ते. निवेदन करायची भाषा मनात जुळवत होते, तर ते मध्येच म्हणाले, "दीदी, पूछ क्या रही हैं? हथौड़ा ढूँढ रहे हैं. आप लोग उधर से हाथ मत लगाइए. दीवार हमने बनवाई है, हमको मालूम है कहाँ कच्ची है. ठेकेदार ने सीमेंट खाया था."

इकडे प्रभाकर मैदानातून मांडवाचे दोन पाइप घेऊन आले. आमची हातवाली प्लास्टिकची खुर्ची, दोन्ही हातांखालून पाइप, पाण्याच्या मोटरच्या दोरीनं बांधली. स्वतः बसून बघितलं आधी. मग स्वतःचंच डोकं हलवून परत सोडली आणि पुन्हा बांधली, गाठी आतल्या बाजूला घेऊन. मी म्हणत होते, अहो उशीर होतोय. "लोड उचलायच्या आधी उशीर करायचा," म्हणाले, "उचलल्यावर नाही."

पुढे प्रभाकर आणि पाण्यातून छातीशी चपला धरून आलेले दुबेजी. मागे शिक्षकबाईंचा नवरा आणि ऋचा. ऋचाला नको म्हटलं सगळ्यांनी. "काका, मी जिमला जाते," म्हणाली, आणि खांदा लावला.

भाऊ खुर्चीत, मांडीवर कुकर. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत पलीकडून ठोकल्याचे आवाज. मग एक वीट आमच्या बाजूला पडली, आणि त्या भोकातून चौकसेजींचा चष्मा. "थोड़ा पीछे, थोड़ा पीछे." मग भराभर. माणूस वाकून जाईल एवढं झालं, तरी ते थांबले नाहीत. "झुक के नहीं जाएँगे, कुर्सी समेत जाएँगे." रुंद केलं.

पलीकडे पूर्ण कोरडं. उंचावर आहे त्यांची कॉलनी. ते बघून एक क्षण रागच आला, खोटं कशाला लिहू. मी फोनवर सांगितल्याप्रमाणे रज्जू सगळा वळसा घालून तिथं उभा होता, दार उघडं ठेवून. कोणी तरी भाऊंवर छत्री धरली होती. त्यांच्याकडची एक बाई केळी घेऊन पुढे आली, वहिनींनी गोड हसून परत केली. केळं चालत नाही भाऊंना. मग त्याच बाईंनी ती खुर्ची उचलणाऱ्यांना दिली.

व्हॅनमध्ये बसताना भाऊ म्हणाले, "हिरवी झेंडी नाही माझ्यापाशी. पण सोडा."

दुपारनंतर वहिनींचा फोन. मशीन लागलं. नळ्यांतून पाणी निघून राहिलं. झोपले आहेत.

मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. थोडंसं. मग ग्रुपवर खंडन टाकलं: वह सूचना प्रशासन की नहीं, इस ग्रुप की थी, और रविवार सुबह की थी. पुलिया बंद है.

खंडनाला एकच अंगठा आला. प्रभाकरांचा.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस उघडला! पाणी उतरतंय. गल्लीत चिखल, बेडूक, कोणाची तरी एक निळी बादली, कोणाचाच दावा नाही. दुबेजींच्या बाथरूममध्ये साप निघाला. दुबेजी थाळी वाजवत बाहेर आले. आता त्यांचं उत्तर सगळ्याला तेच.

भाऊ रात्री आमच्याकडे आडवे होऊन झोपले. आडवे. सकाळी पोहे मागितले, बिनमिठाचे मिळाले, शिव्या दिल्या. सगळं सुरळीत.

घरभर धुणंपुसणं चालू असताना डोक्यात तेच. तारीख का नाही घातली मी? उत्तर सोपं आहे आणि लाज वाटावी असं आहे. बातमीत तारीख घालायची नसते. "आज सुबह" लिहायचं, तारीख पानाच्या डोक्यावर असते. दुसऱ्या दिवशी तो पेपर भज्यांखाली जातो, त्याची "आज सुबह" त्याच्याबरोबर जाते. पूर्ण नोकरीत मी एकाही बातमीत तारीख लिहिली नाही, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. आता पान नाही. नुसतीच कॉपी हिंडते, डोक्याशिवाय.

रोजनिशीत मात्र रोज घालते. इथं कोण वाचतंय.

"प्रशासन की ओर से" कोणी जोडलं, याचा ऋचानं माग काढला. दुबेजींच्या मेहुण्याचे कोणी शेजारी. त्या माणसाला काही वाईट करायचं नव्हतं. त्याला वाटलं, एवढी साफ भाषा म्हणजे सरकारीच असणार; वरची ओळ चुकून कापली गेली असेल, म्हणून त्यानं लावून दिली.

ऋचा म्हणाली, "काकू, तुमचीच चूक. एखादी तरी स्पेलिंग मिस्टेक ठेवायची ना."

प्रभाकर बराच वेळ हसत होते. मला थोडं बरंही वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं.

संध्याकाळी रज्जू आला. मागून, भिंतीतून. चहा घेतला. त्याच्यासमोर कसं बोलावं कळेना, म्हणून सरळ म्हटलं, भैया, माझ्यामुळे तू पाण्यात गेला असतास. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "दीदी, आप ही ने तो रुकवाया भी." मग बशी ठेवून म्हणाला, "पर अब जब तक दुबेजी की थाली नहीं सुनूँगा, पुलिया पे नहीं चढ़ूँगा."

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मांडव नाही, मैदान म्हणजे चिखलाचं ताट, आणि दोन पाइप अजून खुर्चीला बांधलेले. प्रभाकर सोडू देत नाहीत. "उद्या गुरुवार आहे," म्हणतात. तेव्हा गणपती दुबेजींच्या वरच्या खोलीत, पुलियाच्या त्याच खिडकीपाशी. मूर्ती लहानच आणली. जिन्याच्या पायऱ्यांवर उभं राहून आरती. झांजा वाहून गेल्या, म्हणून थाळी. भाऊ खालच्या खोलीत खुर्चीवर बसून ओरडत होते, "ताल सोडून राहिले बे, ताल!"

मोदक तळणीचेच. उकडीला पीठ कुठलं.

आरतीला मागच्या कॉलनीतले दहा-बारा जण आले, भगदाडातून. चौकसेजी बर्फी घेऊन. खुर्चीला नमस्कार केला त्यांनी गमतीनं, मग भाऊंना. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "दीदी, दीवार का क्या करना है? हमारे यहाँ दो राय हैं. कुछ कह रहे हैं, हफ़्ते भर में ईंट लगवा दो, नहीं तो फिर मोटरसाइकिलें शुरू. आपके यहाँ क्या राय है?"

म्हटलं, विचारून सांगते. ग्रुपवर विचारलं. सगळ्यांनी वाचलं, निळ्या खुणा आल्या. उत्तर कोणाचंच नाही. मोदकांवर मात्र अजून चालू आहे.

टेंभेकरांच्या मुलाचा पुण्याहून फोन. पाणी ओसरलं की दोघांनी सरळ इकडे या, तिसऱ्या मजल्यावर आहे, नाला नाही, हॉस्पिटल कोपऱ्यावर. सगळं खरंच आहे त्याचं. वहिनी "बघू" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर भाऊ: "पुण्याला भिंत कोण तोडून देईल?" वहिनी म्हणाल्या, "तिथं तोडावी लागणार नाही, ते चांगलं नाही का?" भाऊंनी घोटभर पाणी मागितलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी ढग. पाऊस नाही. पुलियावरून पाणी उतरलंय, पण एका बाजूची माती खचली आहे, दुबेजींनी खिडकीतून नीट बघून सांगितलं. गाडी नको.

म्हणून भाऊ पुन्हा मागून. खुर्ची तयार होती, बसले नाहीत. चालत गेले, एका हाताला प्रभाकर, एका हाताला वहिनी. मागे ऋचा रिकामी खुर्ची घेऊन, लागली तर. भगदाडापाशी थांबले. तुटलेल्या विटांवर हात ठेवला, बोटानं सिमेंट खरवडून पाहिलं. भुसा निघाला. "चौकसे खरं बोलला," म्हणाले आणि पलीकडे गेले. रज्जूनं हॉर्न दिला.

आता दुपार. वहिनींचा मेसेज: मशीन लागलं.

नागपूरहून धाकट्या बहिणीनं काळजीनं काहीतरी पाठवलं. उघडलं तर: प्रशासन की ओर से आवश्यक सूचना. आज सुबह की स्थिति. खाली तिचं, "ताई, बरं झालं ग बाई, तुमची पुलिया सुरू झाली." लिहावं का तिला? लिहिलं. खंडनही पाठवलं, पुढे पाठव म्हटलं. तिनं हात जोडलेले पाठवले. पुढे पाठवलं असेलसं वाटत नाही.

चौकसेजींचा पुन्हा फोन. गवंडी उद्या मोकळा आहे, मग नाही मिळणार. आपके यहाँ क्या तय हुआ? ग्रुप अजून गप्प. दुबेजी म्हणतात खुली ठेवा. शिक्षकबाई म्हणतात, चोऱ्या होतील. प्रभाकर म्हणतात, दार बसवा, पण किल्ली कोणाकडे? भाऊ घरी नाहीत, आणि त्यांना पुण्याला जायचंय की नाही ते त्यांनाच माहीत नाही.

दुपारचं बुलेटिन लिहायला घेतलं. या वेळी सगळ्यात वर तारीख, मग वेळ, मग प्रत्येक ओळीपुढे कोणाच्या खिडकीतून ते. नाला: उतरा हुआ. पुलिया: वाहन के लिए बंद. बिजली: आ गई. "फ़िलहाल" हा शब्द आता आयुष्यात लिहायचा नाही, असं परवा ठरवलं होतं.

शेवटची ओळ राहिली होती. गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, स्वतः बघून आले, आणि लिहिली.

दीवार: फ़िलहाल खुली है.